मैत्रीण इथेच जन्मली, इथेच शिकली, तरी पासपोर्ट नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदाच नाही का?

धानाचं_शिवार

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझी एक मैत्रीण आहे, नागपूरला बीएस्सी नर्सिंगला आम्ही चार वर्षं एकाच रूमवर होतो. ती तिबेटी आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग म्हणतात, १९७२ सालची. महाराष्ट्रात अशी वसाहत आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटर विकणारे दिसले की सगळे त्यांना सरसकट नेपाळी म्हणतात. तिच्या घरचे पावसाळ्यात धान लावतात आणि दिवाळी झाली की लुधियानाहून माल आणून स्वेटरचा सीझन करतात. ती १९९६ ची, तिथलीच. झाडीपट्टीची नाटकं माझ्यापेक्षा जास्त तिने बघितलीत, रात्रभर जागून, थंडीत, घोंगडी घेऊन.

मागच्या वर्षी आम्ही दोघींनी जर्मनीत नर्सच्या जागांसाठी जर्मन शिकायला घेतलं. दोघी बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा, पास झालो, तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क. पण ज्या एजन्सीकडून करत होतो तिथे माझी फाइल पुढे गेली आणि तिची परत आली, कारण पासपोर्ट नाही. तिच्याकडे आरसी आहे, म्हणजे परदेशी माणूस म्हणून रजिस्ट्रेशन, ते रिन्यू करत राहावं लागतं, आणि बाहेरदेशी जायला ते पिवळं पुस्तक मिळतं, आयसी. तिथल्या बाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, मग तू नेमकी कुठली? ती गप्पच बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, हा प्रश्न मला पहिलीपासून विचारून राहिले, अजून उत्तर नाही सापडलं.

तर मला समजून घ्यायचंय की असं का. तिचं सगळं आयुष्य इथे गेलं तरी ती परदेशी कशी, आपल्याकडे निर्वासितांसाठी काही कायदा आहे की नाही, आणि बाकीचे देश अशा लोकांचं काय करतात. कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा, व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड नको.

काळा_कोट

ताई, हायकोर्टात वकिली करतो, परदेशी नागरिकांच्या काही केसेस हाताळल्यात म्हणून लिहितो.

निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, कधीच नव्हता. १९५१ चा जिनिव्हाचा निर्वासितांबद्दलचा करार आणि १९६७ चा त्याला जोडलेला प्रोटोकॉल, दोन्हींवर भारताची सही नाही. त्या कराराचा गाभा म्हणजे कलम ३३, ज्या ठिकाणी माणसाच्या जिवाला धोका आहे तिथे त्याला परत ढकलायचं नाही. सही का केली नाही याची कारणं बरीच आहेत, एक म्हणजे तो करार मुळात युरोपातल्या महायुद्धाच्या निर्वासितांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता आणि फाळणीने आपल्याकडे जे लाखो लोक आले ते त्यात कुठेच बसत नव्हते.

आता इथे कोणीही आला, जीव वाचवायला आलेला असो की टुरिस्ट व्हिसा संपल्यावर राहिलेला असो, कायद्याच्या लेखी दोघेही फक्त परदेशी. आधी इंग्रजांच्या काळचा १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट होता, १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला, पण निर्वासित म्हणजे कोण हे त्यातही कुठे लिहिलेलं नाही. मग चालतं कशावर, तर सरकारी आदेशांवर. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक दिल्लीत यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेकडे, नाव नोंदवतात, त्यांना कार्ड मिळतं, पण त्या कार्डामागे भारतातला कुठला कायदा उभा नाही, समोरच्या अधिकाऱ्याने मानलं तर मानलं.

म्हणून वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी वागणूक मिळते. तिबेट्यांना जमिनी दिल्या, शाळा दिल्या. श्रीलंकेचे तमिळ १९८३ पासून येतायत, त्यातले हजारो लोक आजही तमिळनाडूत कॅम्पातच आहेत, काहींची तिसरी पिढी तिथे जन्मली. रोहिंग्यांना तर २०१८ मध्ये सात जणांना सिलचरच्या जेलमधून थेट म्यानमारला परत पाठवलं. २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती झाली ती पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीनच देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी. तुमची मैत्रीण त्यात नाही.

कोर्टाने मधे मधे आधार दिलाय. १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की कलम २१, जगण्याचा हक्क, नागरिक नसलेल्यालाही आहे. पण २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की जगण्याचा हक्क सगळ्यांना असला तरी देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क फक्त नागरिकाला आहे.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल एक महत्त्वाचा प्रश्न. तिचे आईवडील कुठे आणि कोणत्या साली जन्मले? नक्की विचारून सांगा, त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

शिवसागरच्या_पलीकडे

माझं मत वेगळं आहे, कोणी राग मानू नका. माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. धरण होऊन साठ वर्षं झाली, आमच्यातल्या कित्येक कुटुंबांना अजून पर्यायी जमीन मिळालेली नाही, मोर्चे आणि उपोषणं चालूच आहेत. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य पुनर्वसन ऑफिसच्या पायऱ्या चढण्यात गेलं. विस्थापित म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही, आणि म्हणूनच मला वाटतं की आधी आपल्या घरातल्यांचं बघा. धानाचं शिवार ताईंच्या मैत्रिणीबद्दल मला वाईट वाटतंय, ती इथलीच आहे असंच मी म्हणेन. पण उद्या कायदा केला आणि सगळ्या बाजूंनी लोक यायला लागले तर? १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून एक कोटी लोक आले होते, ते सोसायला पत्रांवर शरणार्थी मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं हे आईकडून ऐकलंय. गरीब देशाने किती ओझं घ्यायचं?

काळा_कोट

शिवसागर, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते बाजूला सारायचं नाहीच. पण एक गैरसमज काढतो. कायदा केला म्हणजे येईल त्याला ठेवून घ्यायचं असं होत नाही. कायदा म्हणजे अर्ज कुठे करायचा, मुलाखत कोण घेणार, किती दिवसांत निकाल, नाकारलं तर अपील कुठे, हे सगळं लिहून ठेवणं. कोणाला नाही म्हणायचं याची पद्धतही त्यातच येते. आज ती नसल्यामुळे खरा निर्वासित आणि खोटी कागदपत्रं करून आलेला माणूस, दोघंही एकाच अंधारात राहतात. आणि १९७१ चं म्हणाल तर ते एक कोटी लोक ७२ उजाडल्यावर काही महिन्यांत बहुतेक सगळे परत गेले, कारण परत जायला देश तयार झाला होता. निर्वासिताला बहुतेक वेळा घरीच जायचं असतं हो.

पंचगंगाकाठचा

मी कोल्हापूरचा. हा विषय निघाला की मला वळिवड्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९४० मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना घरातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. पुढे हिटलरने रशियावरच हल्ला केला तेव्हा ४१ साली पोलंड आणि रशियात समझोता झाला आणि हे लोक सुटले, सुटले म्हणजे कसले, उपाशी, टायफॉइडने खंगलेले, इराणपर्यंत कसेबसे पोचले. त्यातले साधारण पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ मध्ये आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले. जामनगरच्या बालाचडीला पण होते, तिथल्या राजांनी, जामसाहेबांनी ठेवून घेतलेली पोरं, पण आमचा कॅम्प त्याच्यापेक्षा लई मोठा. चर्च, शाळा, दवाखाना, नाटकाचं थिएटर सगळं होतं. आमची आज्जी सांगायची की त्या बायका बाजारात मराठीत भाव करायच्या, आणि पंचगंगेवर पोरं पोहायला यायची.

खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं, म्हणजे सगळा भार कोल्हापूरवर नव्हता हे पण सांगायला पायजे, आपण नुसतं आमच्या राजांनी सांभाळलं एवढंच सांगतो. पण मला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं रशियाच्या हद्दीत गेलेली, पोलंडमध्ये कम्युनिस्ट सरकार. जावा परत म्हणून कुणी त्यांना आगगाडीत कोंबलं नाही. १९४८ पर्यंत कॅम्प चालला, ज्यांना जायचं होतं ते पोलंडला गेले, बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका. एक-दोघी तर इथल्याच माणसांशी लग्न करून कोल्हापूरकर झाल्या. वकीलसाहेब ते कलम ३३ म्हणाले ते १९५१ चं, आमच्या इथं त्याच्या आधीच पाळलं गेलं होतं.

महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. तिकडे वॉर्साला कोल्हापूरचं स्मारक आहे, २०२४ ला पंतप्रधान तिथं फुलं वाहायला गेले तेव्हा सगळ्या ग्रुपवर फोटो फिरले. तेव्हा मी एका ग्रुपवर विचारलं की मग आज म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्या चिन लोकांचं काय, तर मला ग्रुपमधून काढलं. फोटो बघून ऊर भरून येतो ना, मग हा प्रश्न पण पडायला पायजे भावांनो. मिझोरामने २०२१ च्या लष्करी बंडानंतर तीस हजारांवर माणसं ठेवून घेतली, दिल्लीहून परत पाठवा असं पत्र आलेलं असताना. रक्ताची माणसं आहेत म्हणून चर्चनं आणि गावांनी आपल्या ताटातलं दिलं.

आणि ते पोलंडवाले गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत कोण राहायला आलं माहीत आहे का? सिंधी निर्वासित. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो तेच ते.

कॅम्प_नंबर_चार

पंचगंगाकाठचा दादा, शेवटच्या ओळीसाठी मनापासून आभार. मी उल्हासनगरचा सिंधी, शाळा मराठी मीडियम. आमचे आजोबा सिंधमधल्या शिकारपूरहून आले. कल्याणजवळच्या मिलिटरी कॅम्पात सुमारे लाखभर माणसं कोंबली होती, एका बराकीत मधे गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी उल्हासनगर नाव दिलं, पण पत्ता सांगताना अजूनही आम्ही कॅम्प नंबरच सांगतो.

वकीलसाहेब, तुम्ही लिहिलंत की कायदा कधीच नव्हता. बाहेरच्या देशातून आलेल्यांसाठी नव्हता हे बरोबर, पण आमच्यासाठी होता! घटनेच्या कलम ६ मध्येच लिहिलंय, १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून आलेला आपोआप नागरिक, नंतर आलेल्याने नाव नोंदवायचं. आणि १९५४ चा भरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा, त्यातून क्लेम मिळाले, बराकींच्या सनदा मिळाल्या. आजोबांनी ती सनद शेवटपर्यंत देवघरात ठेवली होती, झूलेलालच्या फोटोमागे. लोक म्हणतात सिंधी मेहनती म्हणून वर आले. मेहनत केलीच, पापड लाटले, लोकलमध्ये गोळ्या बिस्किटं विकली. पण दुकान आमच्या नावावर करता येत होतं, बँकेत कर्ज मिळत होतं, मत देता येत होतं. मेहनत तर त्या ताईंच्या मैत्रिणीच्या घरचे पण करतायत, पन्नास वर्षं करतायत. त्यांच्या हातात सनद नाही एवढाच फरक आहे आणि तो फरक फार मोठा आहे. मला हे लिहिताना भरून आलंय.

मूलचेरा_मास्तर

गडचिरोलीत शिक्षक आहे. थोडं लिहितो. आमच्या मूलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली लोकांची गावं आहेत, दंडकारण्यातल्या पुनर्वसनाच्या काळात साठच्या दशकात वसवलेली. ते नागरिक आहेत, जमिनी आहेत, मतदान आहे. पण त्यातले बरेचसे नमशूद्र, बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे इथली पोरं खुल्या गटातून लढतात. वर्गातला हुशार मुलगा बारावीनंतर फी नाही म्हणून धान कापायला जातो हे मी डोळ्यांनी बघतो. सनद मिळाली तरी कागदाचा त्रास संपतोच असं नाही, हे कॅम्प नंबर चार यांना सांगावंसं वाटलं.

लाइपझिगहून

पुण्याचा, नऊ वर्षं जर्मनीत. इथल्या आश्रयाच्या पद्धतीबद्दल विचारलंय म्हणून. दर रविवारी मी एका भाषा कॅफेत नव्याने आलेल्यांशी जर्मन बोलायला जातो, त्यामुळे थोडं जवळून बघितलंय.

२०१५ मध्ये जवळपास नऊ लाख लोक आले, बहुतेक सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून. इथे एक ठरलेलं सूत्र आहे, राज्याचं करउत्पन्न आणि लोकसंख्या बघून कोणत्या राज्याने किती माणसं घ्यायची हे आपोआप वाटलं जातं, म्हणजे सगळा भार सीमेवरच्या राज्यावर पडत नाही. मिझोरामचं वाचून हेच मनात आलं. मग मुलाखत, निकाल, मान्यता मिळाली की भाषेचे सहाशे तास आणि वर शंभर तास देशाची ओळख. त्या वर्षी आलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक आज नोकरी करतायत. आमच्या बिल्डिंगमधला ट्राम ड्रायव्हर सीरियातल्या अलेप्पोचा आहे.

पण सगळं गोड नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. २०२२ मध्ये युक्रेनचे लोक आले तेव्हा युरोपने तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदा वापरला, मुलाखत नाही, काम करायला लगेच परवानगी. चांगलंच झालं. पण त्याच कॅफेत माझ्यासमोर एक अफगाण मुलगा बसायचा, दोन वर्षं निकालाची वाट बघत, वर त्याच्या बोटांचे ठसे वाटेत दुसऱ्या देशात घेतले गेलेले, म्हणून त्याचा अर्ज तिथेच चालवा असं प्रकरण. शेजारच्या टेबलावरची युक्रेनी बाई तीन महिन्यांत बेकरीत कामाला लागली. तो मुलगा एकदा मला विचारत होता की माझं युद्ध कमी खरं होतं का. ब्रिटनने तर २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायचा घाट घातला होता, त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये तो बेकायदा ठरवला. म्हणजे कायदा असून सुद्धा मर्जी शिरतेच, पण तिथे कोर्टात जाऊन ती अडवता तरी आली.

ताई, मैत्रिणीला सांगा बी-वन सोडू नको, बी-टूची तयारी चालू ठेव. इथे नर्सेसची खरंच गरज आहे.

शिवसागरच्या_पलीकडे

सगळं वाचलं. सनदेचं वाचून वडिलांची आठवण झाली, आमच्याकडे पण तसाच एक कागद आहे, धरणग्रस्ताचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. सीमेबद्दलची माझी भीती गेलेली नाही, ती प्रामाणिक आहे. पण पद्धत लिहिलेली असावी हे पटलं. आम्हाला पण तीच नडली, अधिकारी बदलला की नियम बदलायचा.

धानाचं_शिवार

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री मैत्रिणीला पूर्ण वाचून दाखवलं. अलेप्पोच्या ट्राम ड्रायव्हरपाशी ती हसली आणि सनदेपाशी रडली.

काळा कोट काका, तिचे बाबा तिबेटमध्ये जन्मले, आजीच्या पाठीवर बसून आले. पण आई इथली! १९७३ चा जन्म, वसाहत झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, घरीच, सुईणीच्या हातून. जन्माचा दाखला नाही. आरसीवर जन्मस्थळ भंडारा लिहिलंय, तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता ना. याचा काही उपयोग?

काळा_कोट

ताई, उपयोग म्हणजे फारच मोठा. नागरिकत्व कायद्याचं कलम ३ असं आहे की २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्माने भारतीय, आईबाप कुठलेही असोत. दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या केसमध्ये हेच सांगितलं आणि २०१६ मध्ये परत सांगितलं की अशा लोकांना पासपोर्ट द्या. म्हणजे तिची आई कायद्याने जन्मापासून भारतीय आहे, आरसी हातात असली तरी. आणि १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यासाठी नियम असा की आईवडिलांपैकी एक जण भारतीय असला तरी पुरे. तुमची मैत्रीण १९९६ ची. माझ्या मते ती पण जन्माने भारतीयच आहे. आजवर तिला हे कोणी सांगितलं नाही याचंच वाईट वाटतं.

आता अडचण पण सांगतो, खोटी आशा नको. २०१७ मध्ये परराष्ट्र खात्याने पासपोर्टसाठी अटी घातल्या, आरसी आणि आयसी परत करायची, तिबेटी वसाहतीत राहायचं नाही, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या. म्हणजे आईने अर्ज केला तर राहतं घर आणि शेती पणाला लागू शकते. मुलगी नागपूरला भाड्याने राहते, तर आधी फक्त तिचाच अर्ज करा, आईची आरसी तशीच राहू द्या, आईच्या जन्माचे पुरावे जोडा. अडवलं तर हायकोर्ट आहे, मी फी घेणार नाही, मेसेज करा.

धानाचं_शिवार

काका, काय बोलू कळत नाहीये. आईने पहिला प्रश्न हाच विचारला होता, घर तर नाही ना जाणार. आयुष्यभर तिथे धान लावलंय तिने. तुमचं उत्तर ऐकून म्हणाली, पोरीचं आधी करा, माझं राहू द्या.

आई तिसरीपर्यंत गोठणगावला मराठी शाळेत होती, जुनं रजिस्टर असेल तिथे. शनिवारी आम्ही दोघी जातोय. दाखल खारीजचा उतारा चालेल ना?

काळा_कोट

चालेल. मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि तारीख घ्या, दोन प्रती घ्या. आणि जन्मस्थळाचा रकाना भरलेला आहे का ते निघायच्या आधी तिथेच उभं राहून बघा.